नाव नसलेलं ताट

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की माझा स्वभाव बिघडतो. नवरा म्हणतो, आधी तरी तो कुठं चांगला होता. ते असो. पण दिवाळी सरते, बारामतीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत जायला लागतात, त्यांच्यावर मोठ्यानं गाणी वाजतात, चौकात वळताना चार-दोन कांड्या खाली पडतात आणि शाळेतली पोरं त्यांवर झडप घालतात. पहाटेच्या गारठ्यात कुठूनतरी मळीचा आंबूस-गोड वास येतो. तो आला की मी दाराची कडी दोनदा बघते, फोनवर कोण काय म्हणालं ते पुन्हा मनात घोळवते आणि समोरचा हसला तर का हसला याचा विचार करते. बाकी वर्षभर मी बऱ्यापैकी सरळ बाई आहे. वनस्पतिशास्त्र शिकवते, भाजी घेताना फार घासाघीस करत नाही.

यंदाही तसंच झालं. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या वहिनी दारात आल्या. "उद्या संध्याकाळी हळदीकुंकवाला या हं," म्हणाल्या. मी बरं म्हणायच्या आतच त्यांनी सहज, अगदी सहज विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं हो?" माझा हात दाराच्या कडीवरच राहिला. प्रश्न साधा आहे. आपल्याकडे लोक पावसापाण्याची चौकशी करावी तसा तो विचारतात. पण मला तो याआधी एकदा विचारला गेला होता, याच महिन्यात, इथून तासाभराच्या वाटेवर, आणि त्याचं उत्तर देताना मी जे केलं ते अजून माझ्या घशात आहे.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमचं गाव नेवाशाकडचं. वडील शाळेत शिपाई आणि रविवारी देवळात पेटी वाजवायचे. देऊळ म्हणजे आमचं चर्च, आम्ही त्याला देऊळच म्हणतो. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून वडिलांनी कुणाकुणाला विचारून भवानीनगरला एका घरी माझी सोय लावली. घर साखर कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या तात्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, शकूमावशीचं. पोरगी लग्न होऊन गेलेली, तिची खोली रिकामी. रोज एसटीनं बारामतीला कॉलेज, संध्याकाळी परत. निघताना आईनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आपण कोण ते आपणहून सांगत बसू नकोस. पण कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस." हा सल्ला तिला फार शहाणपणाचा वाटला होता. मलाही वाटला. त्यातला पहिला अर्धा भाग इतका सोपा होता, की दुसऱ्या अर्ध्याची आठवण ठेवायची गरजच पडली नाही.

आडनाव गायकवाड. याच्याइतकं सोयीचं आडनाव नाही. ज्याला जे समजायचं ते तो समजतो. नाव आशा, तेही कुणाच्याही घरात खपणारं. अडचण वडिलांच्या नावाची होती. त्यांचं नाव शमुवेल. म्हणून मी सगळीकडे आशा एस. गायकवाड लिहायची. एस म्हणजे काय विचारलं तर खोकला यायचा. भावाचं नाव योनाथान, त्याला मी बाहेर बंटी म्हणायची. घरी त्याला कुणी कधी बंटी म्हटलेलं नाही. त्याला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बायबलमधला माझा नवा करार मी तपकिरी कागदाचं कव्हर घालून ठेवला होता आणि वर नीट अक्षरात 'फिजिक्स प्रॅक्टिकल' असं लिहिलं होतं. तो कुणी उघडतंय का हे कळावं म्हणून त्यात रोज एक केस ठेवायची. एकदा केस जागेवर नव्हता. आठवडाभर मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होते, मावशीच्या तोंडाकडे बघत होते. तात्या पाळीवरून यायचे, अंगाला रसाचा वास, पाय धुवायचे आणि म्हणायचे, "काय म्याडम, झाला का अभ्यास?" त्या 'अभ्यास' शब्दात मला दहा अर्थ दिसायचे. खोलीत डोक्यावर पंखा होता आणि तो पाचावर फिरायचा, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी तर मोठीच कसरत. बारामतीतल्या उपासनेला जायचं तर सकाळची एसटी धरावी लागे, आणि तीही जरा बऱ्या कपड्यांत. मी सांगायची, मैत्रिणीकडे अभ्यासाला चालले. शेजारच्या नंदाकाकू तेव्हा नेमक्या कट्ट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. निवडलेले तांदूळ परत निवडत होत्या असा माझा दाट संशय होता. "आयतवारी कसला गं आभ्यास, आन तोबी पावडर लावून?" त्यांचा संशय एखाद्या मुलावर होता. मला त्याचं हायसं वाटायचं! माझ्या मागे मुलगा आहे असं गावभर झालं तरी चालेल, पण रविवारी मी कुठं जाते ते कळायला नको. आता विचार केला की लाज वाटते. उपासनेतही मी खांबाच्या आड बसायची. पाळकसाहेबांनी नवीन आलेल्यांनी उभं राहावं असं सांगितलं, तर मी अर्धीच उभी राहिले, म्हणजे वाटलं तर उभी, नाहीतर ओढणी सावरत होते.

एकच गोष्ट मी सोडली नव्हती. जेवणाआधी डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना. तीसुद्धा एवढी छोटी केली होती, की बघणाऱ्याला वाटावं डोळ्यात मिरची गेली. एक डोळा किलकिला ठेवून मी बघायची, कुणी बघतंय का. मावशी चुलीपुढे पाठमोरी असायची. तिच्या हातात भाकरी असायची आणि ती लगेच वाढायची नाही. मला वाटायचं, तिचं लक्ष नाही.

आणि मग ते ताट. मावशीच्या घरात सगळ्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली होती. कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या वास्तुशांतीचं, कुणी भाच्याच्या बारशाला दिलेलं. फक्त मला जे ताट मिळायचं त्याच्यावर नाव नव्हतं. कोरं. हे मला पंधरा दिवसांत कळलं, आणि कळल्यावर दुसरं काही दिसेना. पुढे गणपती आले, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. नैवेद्य असेल त्या दिवशी माझं ताट आधी वाढलं जायचं. देवापुढे काही ठेवायच्या आधीच माझी भाजी, माझा भात, माझी पोळी त्या कोऱ्या ताटात काढून, वर दुसरं ताट झाकून, खिडकीच्या कट्ट्यावर वेगळं. बाकीची पानं नैवेद्यानंतर एकत्र.

वेगळं ताट म्हणजे काय असतं हे आमच्या घरातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. आमच्या पणज्याला पाणी वरून ओतायचे. ख्रिस्ती झाल्यावर ते थांबलं असं आजोबा सांगायचे, आणि मग थोडं थांबून म्हणायचे, निदान देवळात तरी. तेव्हा माझी खात्री झाली. हिला कळलंय, आपण कोण ते, आणि आपले मूळचे कोण तेही. तोंडानं गोड बोलते, पोरी पोरी करते, आणि ताट बाजूला ठेवते. मी ते जेवण खाली मान घालून जेवायची. मावशी शेजारी बसून विचारायची, "मीठ बरुबर हाय का गं?" मी म्हणायची हो. मनात म्हणायची, मिठाचं राहू द्या.

त्या वर्षी अधिक मासामुळे मार्गशीर्ष उशिरा आला. थंडी कडक होती. कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागलेली, कालव्यापलीकडे ऊसतोडीच्या लोकांच्या कोप्या, त्यांचा धूर सकाळी जमिनीलाच धरून राहायचा. परीक्षा तोंडावर होती आणि आमचा आगमनकाळही सुरू झाला होता, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, मन झाडून-लोटून ठेवायचे. मी काय झाडत होते, माझ्या घरात तर आधीच सगळं गादीखाली लपवलेलं. मावशीचे गुरुवार लागले. दिवसभर उपास, संध्याकाळी घटाची पूजा, कहाणी, मग आळीतल्या बायकांना हळदीकुंकू. पहिल्या गुरुवारी मीही कोपऱ्यात बसले होते. मावशी करंडा घेऊन एकेकीच्या कपाळाला बोट लावत आली, माझ्यापर्यंत पोचली आणि पुढं गेली. मला वगळून. खिडकीच्या कट्ट्यावर माझं ताट होतंच झाकलेलं. मी दोन आणि दोन चार केले, आणि मनात पक्कं केलं की या घरात आपल्याला दिवस काढायचेत, इतकंच.

दुसरा गुरुवार. चार-सहा दिवसांपूर्वीच चंपाषष्ठी झाली होती; वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे, जेजुरीच्या गप्पा, तात्यांच्या कपाळाला भंडारा. बायका कहाणी ऐकून बसल्या होत्या. मावशी करंडा घेऊन निघाली. माझ्याजवळ आली, आणि पुन्हा पुढे सरकणार तेवढ्यात नंदाकाकू म्हणाल्या, "शके, हिला का गं सोडती दर टायमाला? कुमारिका हाय की." आणि मग माझ्याकडे वळून, "व्हय गं आशा, तुमचं कुलदैवत कंचं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मावशीचं बोट कुंकवात बुडालेलं, हवेतच थांबलं. ती माझ्याकडे बघत होती. कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस. आईचे शब्द मला आठवले, खरंच आठवले. आठवले नाहीत असं म्हणायची सोय नाही. पण भरीत अजून जिभेवर होतं, आणि जिभेवर जे होतं तेच बाहेर पडलं.

"जेजुरीचा खंडोबा," मी म्हटलं.

"आगं आमचाबी त्योच की!" नंदाकाकू खुलल्या. मावशीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. जरा जोरातच लावलं. नंतर मी मोरीवर जाऊन ते धुतलं, तरी कपाळावर तो ठिपका रात्रीपर्यंत लालच राहिला. आमच्या शास्त्रात एक शिष्य भीतीपोटी आपल्या गुरूला तीनदा नाकारतो आणि मग कोंबडा आरवतो. भवानीनगरात कोंबड्याची गरज नव्हती. पाळी बदलल्याचा भोंगा झाला आणि मी दचकले.

उजनीच्या पाण्याकडे, पळसदेवला एक जुनं देऊळ आहे. धरण भरलं की ते बुडतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाहेर येतं. कॉलेजची सहल तिकडे गेली होती तेव्हा ते पाण्याखाली होतं, आणि तिथला एक मासे धरणारा बाप्या नुसत्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हितं देऊळ हाय." होतं नाही म्हणाला, हाय म्हणाला. मी सहा महिने स्वतःची अशीच समजूत घालत होते, की माझंही तसंच आहे, वर दिसत नाही इतकंच. पण पाण्याकडे बोट दाखवून इथं काही नाही असं तो बाप्या म्हणाला नव्हता. ते मी म्हटलं होतं.

तिसऱ्या गुरुवारी खिडकीच्या कट्ट्यावर ताट नव्हतं.

मी दोनदा बघितलं. पूजा झाली, नैवेद्य झाला, मावशीनं सगळ्यांची पानं एकत्र मांडली. माझ्यासमोर कुणाच्या तरी वास्तुशांतीचं नाव घातलेलं ताट आलं. नैवेद्याच्या खिरीतलीच खीर सगळ्यांच्या वाटीत, तशी माझ्याही वाटीत. ज्या वेगळ्या ताटाचा मला गणपतीपासून राग आला होता ते नाही म्हटल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच घाबरले. आता काय बदललं? खीर छान होती. मी ती गिळली, पण डोळे मिटायचे राहून गेले. मिटून कुणाला काय सांगणार होते? मावशीही त्या दिवशी मीठ बरोबर आहे का म्हणाली नाही.

दोन दिवसांनी परीक्षा संपली आणि मी गावी निघाले. भावाला बघायला पाहुणे येणार आहेत, असं सांगितलं. योनाथान तेव्हा आठवीत होता. मावशीनं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. त्यात गुळाची ढेप आणि बाटलीभर काकवी.

"हे ने," म्हणाली. "नाताळाला मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

माझ्या पायातली चप्पल अर्धी आत, अर्धी बाहेर. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुज्या बापानं. पयल्याच दिशी. तू आत पिशव्या ठिवत हुतीस, आन हितं ह्या पायरीवर बसून त्यांनी चा घ्यायच्या आदी सांगितलं. आमी ख्रिस्ती हाय, चालत आसंल तर पोरीला ठिवा. ह्यांनी इचारलं, खाया-पियाचं काय पथ्यपानी? म्हनले, सगळं खाती, निस्तं देवापुढं ठिवलेलं तेवढं आमच्यात चालत न्हाय, आन कुकू लावत न्हाय. म्हनलं, त्यात काय आवघड? आदी काढून ठिवीन."

मी पायरीवर बसले. बसले म्हणजे बसावंच लागलं. ते ताट. नैवेद्याच्या आधी त्या घरात तात्यांनाही कणभर मिळायचं नाही. तिथे ही बाई देवाच्याही आधी माझं ताट वाढून ठेवत होती, मला माझ्या देवाशी खोटं व्हावं लागू नये म्हणून. आणि मी तिला काय समजत होते! माझ्या तोंडातून आधी बाहेर पडलं ते भलतंच. मी विचारलं, "मग त्या ताटावर नाव का नव्हतं?"

"आगं, कारखान्यानं दिवाळीला दिलेलं त्ये. नाव घालायचं ऱ्हायलं." ती चकितच झाली. मग माझ्याशेजारी खाली बसली. "आता मला सांग. त्या दिशी खंडोबा का म्हनलीस?"

भीती वाटली म्हणावं, तर कुणाची?

"तू तुजा देव सांगितला आसतास तर म्या नंदीला गप केली आसती," मावशी म्हणाली. "पर तूच खंडोबाची झालीस. मंग म्हनलं, खंडोबाची हाय तर येगळं ताट कशाला काढू?" तिनं पिशवीची गाठ घट्ट केली. "राग न्हाय आला बग. पर तवापासनं एक मनात येतं. जी आपल्या देवाला न्हाय म्हनती, ती मला मावशी म्हनती, त्ये तरी खरं का?"

संशय घेण्यात मी स्वतःला हुशार समजत होते. सहा महिने मी त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर, प्रत्येक वाक्यावर, पंख्यानं उडालेल्या केसावर संशय घेतला. त्या घरात संशय घ्यावा असं एकच माणूस होतं, आणि ते कोण ते मावशीनं ओळखलं होतं. मी रडले. ती पाठीवरून हात फिरवायला आली नाही. गाडी चुकंल, म्हणाली.

गावी पोचल्यावर मी वडिलांना विचारलं. ते पेटीचा भाता पुसत होते, नाताळाच्या गाण्यांचा सराव चालू होता. "सांगितलं तर," ते म्हणाले. "भाड्याचं घर बघताना कुठं गळतं ते आपण विचारतो की नाही? मग आपलंही आधी सांगायला नको?" आई आतून ओरडली, "यांना कुणी विचारलं होतं? पोरीला बाहेर काढलं असतं म्हणजे?" माझा स्वभाव कुणावर गेला आहे हे मला त्या क्षणी नीट कळलं. नाताळाच्या उपासनेत मी खांबाआड बसले नाही, पण तिथं ते सोपंच होतं. आमच्या देवळात सगळे एकमेकांना चार पिढ्या ओळखतात, आणि तसा तिथे खांबही नाही.

परत आले ते शेवटच्या गुरुवारी, नेमकी उद्यापनाच्या संध्याकाळी. पिशवीत आईनं दिलेला फराळाचा डबा, करंज्या नि चकल्या. आमच्याकडे नाताळालाही फराळ असतो. घरात बायका जमलेल्या, घटासमोर फळं मांडलेली. खोलीत जाऊन दार लावून घ्यावं, डबा उद्या द्यावा, असं फार वाटलं. नंदाकाकूंनी विचारलंच, "काय गं, ठरलं का भावाचं?"

"माझा भाऊ आठवीत आहे," मी म्हटलं. "त्याचं नाव योनाथान. मी नाताळाला गेले होते. आम्ही ख्रिस्ती आहोत. त्या दिवशी मी खंडोबा म्हटलं ते खोटं होतं. भ्याले म्हणून."

बोलताना आवाज चिरका झाला, कुणाशी भांडावं तसा. कुणाच्यातरी बांगड्या वाजल्या. मग नंदाकाकू म्हणाल्या, "मंग कुकू कसं लावून घेटलंस?" हा प्रश्न रास्तच होता. त्या मावशीकडे वळल्या. "शके, बाटवाया-बिटवाया तर न्हाय आली ही?"

"आगं, तिला तिचंच धड सांगता यीना," मावशी म्हणाली, "ती तुला काय बाटवनार?"

दोघी-तिघी हसल्या. नंदाकाकू हसल्या नाहीत. मी डबा पुढे केला. मावशीनं झाकण उघडलं, वास घेतला, आणि हात तिथंच थांबवून मला विचारलं, "ह्याच्यावर तुमची प्रार्थना झालीया?"

झाली होती. नाताळाच्या सकाळी टेबलावर फराळ मांडून वडिलांनी डोळे मिटून चांगली लांबलचक प्रार्थना केली होती, चकल्या गार होईपर्यंत. नाही म्हणणं किती सोपं होतं! मावशी दिवसभराची उपाशी, बायका बघताहेत, आणि तिच्या तोंडावर मला दिसत होतं की तिला करंजी आवडते. खंडोबा म्हणताना जीभ जशी आपोआप वळली होती तशी ती वळायला लागली. मी ती दातात धरली.

"झालीय," मी म्हटलं.

मावशीनं मान हलवली. झाकण लावलं. "मंग आज न्हाय खात. आज माजा गुरवार हाय. उद्या खाईन." आणि डबा फडताळात ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता, "खरं बोललीस त्ये बरं झालं."

करंडा घेऊन ती निघाली तेव्हा माझ्यापाशी आली आणि मला सोडून पुढे गेली. वगळलं जाण्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. खिडकीकडे बघितलं, तर ताट झाकून ठेवलेलं होतं. मी यायच्या आधीच ते वाढलं होतं म्हणजे. मी काय बोलणार आहे हे तिला कसं ठाऊक? हे मी आजवर विचारलेलं नाही. तिनं त्या करंज्या दुसऱ्या दिवशी खरंच खाल्ल्या का, हेही मी पाहिलेलं नाही. डबा मात्र घासून परत मिळाला आणि त्यात शेंगदाणे होते, कारण रिकामा डबा परत देत नाहीत. नंदाकाकूंच्या वाट्याची करंजी त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन पदरात बांधून नेली. ती त्यांच्या म्हशीनं खाल्ली असावी, असा माझा संशय आहे.

तीन वर्षं मी त्या घरी राहिले. सोडून जायच्या दिवशी मावशीनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत कोंबलं. एसटीत बसल्यावर सोडून बघितलं, तर तेच ताट. बारामतीच्या भांड्याच्या दुकानातून त्याच्यावर नाव घालून आणलं होतं. त्या खुडखुडणाऱ्या यंत्राची वाकडीतिकडी अक्षरं, पण पूर्ण. आशा शमुवेल गायकवाड. मी तीन वर्षं ज्याचा नुसता एस लिहिला ते नाव तिनं स्टीलवर कोरून घेतलं होतं. मोरगावच्या वळणापर्यंत मी ते मांडीवर धरून बसले होते.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी यंदा दारात उभ्या होत्या आणि माझा हात कडीवर होता, तिथं मी गोष्ट सोडली होती. उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही, बाहेरून बघणाऱ्याला तर वाटलं असेल मी लगेच बोलले. "आम्हाला कुलदैवत नाही वहिनी, आम्ही ख्रिस्ती. पण येईन मी. कुंकू तेवढं लावू नका." वहिनी म्हणाल्या, "हो का? बरं बरं." आणि जिना उतरून गेल्या. त्या दुसऱ्या 'बरं'चा अर्थ काय, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. गुरुवारी गेले तेव्हा त्यांनी मला मध्येच बसवलं, सगळ्यांना दिसेल असं. तेही का, कोण जाणे.

रात्री स्वयंपाकघरात मी माझं ताट काढते. घासून घासून अक्षरं बुजत चालली आहेत, पण बोट फिरवलं तर लागतात. नवरा भाकरी घेऊन उभा राहतो आणि लगेच वाढत नाही. मी एक डोळा मिटते. दुसरा सवयीनं किलकिलाच राहतो, कोण बघतंय म्हणून. त्या डोळ्याला ताटाच्या काठावर वडिलांचं नाव दिसतं, आणि मग मी तोही मिटते.